तळ दिसणारं पाणी

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडबाहेर परवा उकडलेल्या शिंगाड्यांच्या पाट्या लागल्या. काळे, ओले, वाफाळते शिंगाडे, वर गोणपाट झाकलेलं, आणि त्या गोणपाटातून येणारा वास: थोडा चिखलाचा, थोडा कुजत्या पानांचा, थोडा रताळ्यासारखा गोड. जीपवाले मूल, वडसा या गावांच्या सवाऱ्यांसाठी ओरडत होते. माझी जीप भरून निघून गेली तरी मी तिथंच उभी. धानकापणी आणि शिंगाडेतोड आमच्याकडे एकाच वेळी येतात. बांधावर कापलेल्या धानाचा वास आणि तलावाच्या पाळीवर शिंगाड्याचा. दरवर्षी हे दोन वास भेटले की मला तो एकच कार्तिक आठवतो, ज्या कार्तिकात नसरीन आमच्या तलावात उतरली. तिला समुद्रावर जायचं होतं.

मी धिवराची मुलगी. गाव ब्रह्मपुरीपासून जीपनं जायच्या अंतरावर, आणि गावाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. बाबा मच्छीमार सोसायटीचे सचिव. आमच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदाची पत्रकं. बोटाला शाई लागायची आणि ती भाकरीलाही लागायची. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. इतर मुलांनी कमळ आणि बदक गिरवलं असेल, मी ‘मागण्या’ हा शब्द गिरवला. पत्रकाचा एक कणा असतो. अन्याय कुणावर झाला, कुणी केला, आम्हाला काय हवं, आणि कुठं जमायचं. अजूनही कुठलाही छापील कागद हातात आला की माझे डोळे आधी हा कणा शोधतात. लग्नपत्रिकेतसुद्धा.

म्हणून नसरीननं तो चकचकीत कागद पुढं धरला तेव्हा मी गोंधळले. नसरीन माझी कॉलेजातली मैत्रीण. तिच्या अब्बांचं ब्रह्मपुरीत शिलाईचं दुकान. बी.ए. झाल्यावर मी गावात परत आले, आणि ती नागपूरला जाऊन हॉटेलातल्या खोल्या-चादरी सांभाळण्याचा डिप्लोमा करून आली. नागपुरातच एका जहाज कंपनीनं मुलाखती घेतल्या होत्या. छोटी कंपनी. दोनच जहाजं, एक जुनं आणि एक नवं. मोठ्या जहाजांना शिरता येत नाही अशा लहान बंदरांत ही जहाजं जातात, बेटांजवळ थांबतात, नदीच्या मुखात आत शिरतात. पाहुणे मोजके, श्रीमंत, बहुतेक म्हातारे. प्रत्येक खोलीला समुद्राकडं उघडणारं दार. नसरीननं त्या जहाजांना नावंही ठेवून टाकली होती: थोरली आणि धाकटी. जणू तिच्या मावश्याच.

आम्ही पाळीवर बसून तो कागद पाहिला. निळं पाणी, पांढरं जहाज, सागवानाच्या फळ्यांची गच्ची. त्या फळ्या पाहून मी म्हटलं, “हे लाकूड आपल्याच आल्लापल्लीच्या जंगलातलं असंल, पाह्य.” नसरीन म्हणाली, “मंग मी गेली तर काय बिघडलं? लाकूड आधीच पोचलं तिथी.”

मी कागद उलटसुलट केला. त्यात मागणी नव्हती. अन्यायही नव्हता. सगळे हसत होते. मग मला एक गोष्ट दिसली आणि माझं डोकं तापलं. हसणारे चेहरे सगळे पाहुण्यांचे होते. काम करणाऱ्यांचे फक्त हात होते. तबक धरलेला हात, उशी थोपटणारा हात, पांढऱ्या हातमोज्यातला हात. मनगटाच्या वर माणूस कापून टाकलेला.

“तुले असं हातच व्हाचं हाय काय?” मी विचारलं.

“तू ना, जेवाच्या ताटातबी मोर्चा काढतेस,” ती म्हणाली. “मले जग पाहाचं हाय. अब्बाच्या दुकानात बसून मी काजं करून राह्यली, गुंड्या लावून राह्यली. तिथी कोनं चेहरा छापला माझा?”

कुणीच नव्हता छापला, हे खरं. पण त्या जहाजांविषयीचा माझा राग काही गेला नाही. नसरीननं सांगितलं तसं, एकेका पाहुण्यामागं जवळजवळ एकेक नोकर, आणि नोकरांना ये-जा करायला भिंतीआडचे वेगळे अरुंद जिने, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेला कष्ट पडू नयेत. समुद्रात तरंगणाऱ्या जहाजावर पुन्हा पोहायचा हौद. गिरजाआत्यानं, बाबांच्या बहिणीनं, कागदावर तो हौद पाहिला आणि हसून हसून तिला ठसका लागला. “एवढ्या पाण्यात राहून ह्याहिले अजून पानी पाह्यजे? अन शिंगाडे एकबी नाई?”

नसरीनची निवड झाली होती, पण अट होती. जहाजावरच्या प्रत्येकाला पोहता आलं पाहिजे. त्यासाठी मुंबईला प्रशिक्षण, तिथं उंचावरून पाण्यात उडी. ती जमली तर जहाज, नाही तर परत ब्रह्मपुरी. अब्बांनी हीच अट कुलपासारखी लावून टाकली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शिलाई मशीनचं चाक थांबवून ते इतकंच म्हणाले, “समंदर में भेजूँ तो तैरना तो आना चाहिए ना, बेटा? सीख लो. फिर मैं ना नहीं बोलूँगा.” ब्रह्मपुरीत मुलीला पोहायला कुठंच जागा नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वैनगंगेवर पुरुष पोहतात. मुली पुलावरून पाहतात.

नसरीन तडक आमच्या गावी आली. जीपमधून उतरली ती घरात न येता सरळ तलावाकडं गेली.

शिंगाड्याच्या हंगामात आमच्या तलावात परक्यानं पाय टाकायचा नाही, असा सोसायटीचा नियम आहे. वेल नाजूक असतात, चोरीही होते. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “नियम सचिवाच्या पोरीसाठी बदलत नसते.” मग मी सोसायटीच्या बैठकीत गेले. सोसायटीच्या टपरीसमोर लिंबाखाली माणसं बसली होती. बायका मागं उभ्या. शिंगाडे त्या तोडतात, पण सतरंजीवर बसायची पद्धत नव्हती. मी घरातलं एक गुलाबी पत्रक नेलं होतं. ते बाबांनी स्वतः लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचलं, “तलाव त्याचा, जो त्याच्यात कष्टतो!” आणि म्हटलं, “नसरीन हंगामभर शिंगाडे तोडंल. मजुरीवर, सगळ्याईच्या बरोबरीनं. मंग तलाव तिचा होते का नाई, ते सांगा.”

माणसं हसली. बाबा नाही हसले. आपलंच वाक्य समोरून चालत आलं की माणूस आधी त्याचे कपडे तपासतो. ते म्हणाले, “कष्टंल, मान्य. पन हे कष्ट कोनासाठी? शिकून जाईन श्रीमंताच्या जहाजावर, चादरी झटकाले. ह्यासाठी आपण लढलो काय?”

मी पत्रकाची घडी घातली, कारण ते माझंच मत होतं. नसरीन मागं बायकांत उभी होती. तिथूनच ती बोलली, “काका, तुमचे शिंगाडे कोन खाते?”

“म्हंजे?”

“सुकवून, पीठ करून कुठी जातेत? नागपूरचे शेठ उपासाच्या दिवशी खातेत. तुपात शिरा करून. मंग तुमी शिंगाडे लावनं काऊन नाई सोडलं?”

लिंबाखाली असं हसू फुटलं की झाडावरचे बगळे उडाले. बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. “उतरू द्या तिले,” ते म्हणाले. “जमिनीवर राहिली तर माह्या पोरीपेक्षा हेच जास्त तरास देईन.”

अशी नसरीन तलावात उतरली, पोहणारी म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून.

कार्तिकातल्या सकाळचं पाणी कसं असतं ते सांगायला हवं. वरून तलाव उबदार दिसतो, त्यावर धुक्याची वाफ हलत असते. पाय टाकला की थंडी घोट्यापासून दातांपर्यंत एका झटक्यात येते. बायका ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब घेऊन उतरतात, छातीभर पाण्यात तिच्यावर अंग रेलतात, आणि एका हातानं वेलाचा झुबका उचलून उलटा करतात. खाली लालसर-हिरवे शिंगाडे लटकत असतात, दोन शिंगांचे, टोकदार. ते खुडायचे, ट्यूबला बांधलेल्या टोपलीत टाकायचे, आणि झुबका पुन्हा जसाच्या तसा पाण्यावर निजवायचा. जोरात टाकला तर वेल मरतो. दुपारपर्यंत बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि त्यावर काट्यांचे लाल ठिपके.

पहिल्या दिवशी नसरीन जुना सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून उतरली. सलवारीत हवा भरली आणि दोन्ही बाजूंनी फुगे वर आले. गिरजाआत्या ओरडली, “पाहा वो! ह्या पोट्टीनं सोताचीच ट्यूब आनली!” बायका ट्यूबवर पडून हसत होत्या. नसरीनही हसली, हसताना तोंडात पाणी गेलं, पाय सुटले, आणि ती ट्यूबला अशी बिलगली की आत्याला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आत्याची शिकवण अशी होती. पाण्यात बसल्यासारखं सरकत उतरायचं, कारण खालच्या गाळात जुने शिंगाडे शिंगं वर करून असतात. पाय झोपवून ठेवायचे, कारण लाथा मारल्या की वेल पायाला गुंडाळतो. हातांनी पाणी ढकलायचं नाही, पानं बाजूला करावीत तसं नुसतं उघडायचं. “पानी म्हंजे काई दुस्मन नोहे, बाई,” ती सांगायची, “तू त्याच्यासंगं भांडाले काऊन जाऊन राह्यली?” रोज काम संपलं की आत्या नसरीनची ट्यूब जराशी दूर सरकवायची. हात पुरेल इतकी. मग हात पुरणार नाही इतकी. नसरीन शिव्या द्यायची, हिंदीत, म्हणजे आत्याला लागू नयेत म्हणून. आत्याला सगळं हिंदी येत होतं.

पाळीवर काटक्यांची शेकोटी, बिनदुधाचा चहा, बोटांवर हळद-तेल. नसरीन दुपारी आमच्याच घरी भात आणि अंबाडीची भाजी जेवायची. तो कागद तिनं कडांना चिकटपट्टी लावून पिशवीत ठेवला होता. कधी कधी बायका तो मागून घ्यायच्या आणि त्यावर चर्चा करायच्या. एवढ्या पांढऱ्या चादरी कोण धुतं, कशानं धुतं, वाळत कुठं घालतं, खारं पाणी लागत नाही का. त्यांना ते जहाज म्हणजे एक मोठं काम दिसत होतं. हळूहळू मलाही तसं दिसू लागलं. त्या चकचकीत गच्चीखाली एक गाव राबत असतं, स्वयंपाक, धुणं, इंजिनाचं तेल, आणि त्या गावाला कागदावर जागा नाही. मला ती जहाजं आजही आवडत नाहीत. काही माणसांना समुद्र गुळगुळीत लागावा म्हणून बाकीच्यांनी भिंतीआडच्या जिन्यानं पळावं, ही रचनाच मला मान्य नाही, आणि ती मान्य होईपर्यंत मी तिच्याविरुद्ध लिहिणं थांबवणार नाही; म्हणजे थांबवणारच नाही. पण त्या कार्तिकात मला एक समजलं. रचनेशी भांडण माझं आहे. ते मी माझ्या मैत्रिणीची वाट अडवून लढले तर मीही एक कुलूपच होते, फक्त गुलाबी कागदाचं.

हंगाम सरत आला तेव्हा अब्बा आले. मापाची फीत गळ्यात तशीच राहिलेली. पाळीवर उभं राहून ते बराच वेळ पाण्याकडं पाहत होते. नसरीन तलावाच्या मधोमध होती, ट्यूबशिवाय, फक्त डोकं दिसत होतं, आणि ते डोकं सावकाश, आवाज न करता, पानांमधून सरकत येत होतं.

“बहनजी,” त्यांनी आत्याला विचारलं, “उसके पाँव नीचे टिके हैं क्या?”

“भाऊ,” आत्या म्हणाली, “मी सांगन तर तुमचा इस्वास बसनार नाई. तुमीच उतरून पाहा.”

अब्बांनी खरंच पायजमा वर केला. गुडघाभर पाण्यात गेले. थंडीनं त्यांचा चेहरा असा झाला की पाळीवरच्या म्हशीसुद्धा थांबल्या. ते परत आले, पायजमा पिळला, आणि जाताना नसरीनला म्हणाले, “मुंबई का टिकट निकालता हूँ.” बसस्टँडच्या वाटेवर ते रडत होते की नाक थंडीनं वाहत होतं, हे मी विचारलं नाही.

माघात ती मुंबईला गेली. पुढं काय झालं ते आम्हाला कळलं ते गावातल्या किराणा दुकानातल्या फोनवर. भर दुपार होती. दुकानदारानं पोरगं धाडलं, मी आणि आत्या धावत गेलो. मी फोन घेतला. पहिला शब्द “मिळालं!” असा आला. धाकटी मिळाली होती, नवं जहाज. मी ओरडले. आत्यानं माझ्या दंडाला चिमटा घेतला. “पुरं सांग म्हना. उडी मारली काय?” मग आम्ही दोघींनी रिसीव्हरला दोन बाजूंनी कान लावले.

उडीच्या दिवशी सगळ्यांना लाल जाकिटं घालून उंच फळीवर रांगेत उभं केलं होतं. नसरीनची पाळी आली. तिनं खाली पाहिलं. पाणी निळं, स्वच्छ, आणि खाली फरशीची एकेक चौकट दिसत होती. ती थांबली.

आमच्या तलावात तळ दिसला की समजायचं, पाणी गुडघाभर आहे. खोल पाण्याला तळ नसतो. असतो तो काळा हिरवा अंधार, आणि तो बांबू टाकून मोजायचा. हे आमच्याकडं चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. हंगामभर त्या पाण्यात राबून नसरीनलाही ते माहीत झालं होतं, डोक्यापेक्षा पायांना जास्त.

शिकवणारे सर खालून ओरडले, “कूदो!”

“सर, पानी कम है,” नसरीन म्हणाली.

“क्या?”

“नीचे फर्श दिख रही है. टाँग टूट जाएगी.”

रांगेत हसू पसरलं. सरांनी भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं पाण्याची खोली ठळक अक्षरांत रंगवली होती. आणि नसरीन, जिनं माझ्या घरातली सगळी पत्रकं वाचून काढली होती, ती म्हणाली, “सर, दीवार पे लिखने से पानी गहरा होता है क्या? बाँस है तो दीजिए.”

इथं आत्या दुकानातच म्हणाली, “बराबर हाय. भितीवर तं कोनीबी लिवते.”

सर चिडले. म्हणाले, जहाज बुडताना पण बांबू मागशील का. ती म्हणाली, तेव्हा नाही मागणार, आज मागते. उडी मारायची नसेल तर घरी जा, असं ते म्हणाले. ती फळीवरून हलली नाही. मागं सगळी रांग खोळंबलेली. शेवटी कुणीतरी हौद साफ करायची लांब दांडी आणली. नसरीन शिडीनं खाली उतरली, काठावर गुडघे टेकले, आणि दांडी पाण्यात सोडली. दांडी जात राहिली. मनगट बुडालं, कोपर बुडालं, आणि दांडीचं टोक कशालाच लागलं नाही. तिनं दांडी बाहेर काढली, सरांच्या हातात दिली, “शुक्रिया सर,” म्हणाली, पुन्हा शिडी चढली, आणि या वेळी खाली न पाहता पाय टाकला.

“डोये उघडे होते का मिटलेले?” आत्यानं विचारलं.

“उघडे होते, आत्या. पन वर आल्यावर एक गलती झाली.”

“काय?”

“तोंडातून हाक निंगाली.”

आत्यानं कान रिसीव्हरला आणखी दाबला. धुक्याच्या सकाळी आमच्या बायका ट्यूबवरून पाण्यात घसरल्या, आणि डोकं वर आलं, की लांब हाक देतात. मी आहे, असं बाकीच्यांना कळावं म्हणून. नसरीननं मुंबईच्या त्या बंद, फरशीच्या हौदात तशीच हाक दिली. होऽऽऽ. ती चारही भिंतींवर आदळून फिरली. सर दचकले. रांगेत तिच्या मागं मणिपूरची एक मुलगी होती, सकाळपासून थरथरत होती. तिनं उडी मारली, वर आली, आणि तिनंही हाक दिली. मग तिच्या मागच्या मुलानं. मग पुढचीनं. सर “आवाज बंद करो” म्हणत राहिले, आणि प्रत्येक डोकं पाण्याबाहेर येताना होऽऽ करत राहिलं.

“पन उत्तर कोनीच नाई दिलं, आत्या,” नसरीन फोनवर म्हणाली. “तिथी कोनाले माहीतच नाई, की हाकेले उत्तर द्याचं असते.”

गिरजाआत्यानं माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. तो तिनं उलटा धरला होता. तेलाच्या डब्यांमध्ये, मिठाच्या पोत्यांमध्ये, तांदूळ घ्यायला आलेल्या माणसांच्या देखत, भर दुपारी, तिनं मान वर केली आणि छाती भरून उत्तर दिलं.